दोरीवरची काजळी: सोलापूरच्या थंडीतल्या हवेचे तुमचे अनुभव

तळ्याकाठची
गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, माहेरी आलेय. सकाळी गच्चीवर दोरीवरून आईचं पांढरं पातळ काढलं तर बोटाला काळं लागलं. काजळी झटकायची नाही, झटकली की पसरते. फुंकर मारायची. इतक्या वर्षांनी हे हातालाच आठवलं. लहानपणी साखर कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालं की चिमणीची काजळी पडायची, म्हणून आई कपडे घरात वाळत घालायची. बाबांची जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला घालायची पांढरी बाराबंदी तर आतल्या खोलीत, दार लावून.

बाबा एका मिलमध्ये कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर रुई. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला गेले की छाती आवळायची. "आज जड आहे" एवढंच म्हणायचे, आई गुळाचा खडा हातावर ठेवायची. आम्हाला वाटायचं थंडी बाधली. ते गेल्यावर कळलं की कापसाच्या धुळीच्या या दुखण्याला बायसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळखच आहे. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यांनी खातं तरी बदलून मागितलं असतं. तुमच्या घरी कसं होतं? लिहा.

मागवाल्याची_लेक
ताई, रडवलंत. आमच्या घरातच चार माग. टॉवेलचं सूत. जेवताना ताटावर पालथं ताट ठेवायचो, एवढं सांगते. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

अशोकचौक७२
बाराबंदी वाचून लई बरं वाटलं. यंदा जत्रेत नंदीध्वज उचलायला होता का कोणी?

तळ्याकाठची
भाऊ होता. खांदा सुजलाय, पण खूश आहे.

विडीघरकुल
आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू. उन्हाळ्यात दारात बसायची, थंडीत दार बंद करून. मग सगळी खोली तंबाखूच्या भुकटीची. आम्ही भावंडं शिंकत शिंकत पाढे म्हणायचो. हजार विड्या झाल्याशिवाय ती उठायची नाही. काजळीचं सगळे बोलतात, घरातल्या हवेचं कोण बोलणार? आता तिला जिन्याच्या चार पायऱ्या चढवत नाहीत.

मागवाल्याची_लेक
@विडीघरकुल आमच्या अक्काचंही तेच हो. काळजी घ्या आईची. वाफारा देता का?

विडीघरकुल
देते. डॉक्टरांनी श्वासाचा पंपही दिलाय, पण "सवय लागेल" म्हणून लपवून ठेवते.

भूगोलाचे_सर
हवा थंडीतच का बिघडते, हे मुलं दरवर्षी विचारतात. रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवाही गार. वर उबदार थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. शेकोट्या, पाचट, गाड्या, चिमण्या, सगळ्यांचा धूर खालीच कोंडतो. ऊन चढलं की झाकण उघडतं. म्हणून पहाटे फिरायला जाणाऱ्या आजोबांना मी हात जोडून सांगतो, नऊनंतर जा.
आणि हे फक्त आठवणींचं नाही. २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या यादीत आपलं सोलापूर आहे. पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांची, चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे. महापालिकेने आकडा लावला असेल त्या चौकात थांबून वाचत जा.

जुळेसोलापूरकर
सर, थंडीचं सोडा की ओ. एप्रिलमध्ये या आमच्याकडे. रस्ता खणला, बुजवला, परत खणला. वावटळ आली की डाळीत माती. तीन महिने खिडकी उघडली नाही. ४३ अंशात.

भूगोलाचे_सर
तेही खरंच. ती धूळ जाड, नाकात अडकते. धुराची बारीक, फुप्फुसात खोल जाते. दोन्ही वाईट.

सातरस्ता_आई
मुलगा सहा वर्षांचा. दिवाळीनंतर खोकला सुरू, संक्रांतीपर्यंत चालू. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून पंप देते. रात्री दोनला त्याच्या छातीतली शिट्टी ऐकत बसते. शाळेचं मैदान मोठ्या रस्त्याला लागून, कवायत सकाळी सातला. वेळ बदला म्हणून तीनदा भेटले. "बघू" म्हणाले. अजून कुणाची मुलं असतील तर सांगा, मिळून जाऊ.

अशोकचौक७२
आमची नात आहे. येतो वहिनी.

मागवाल्याची_लेक
मीपण. गुरुवारी चालेल?

होटगीरोड
१५ जून २०२३ ला साखर कारखान्याची ती उंच चिमणी पाडली, गच्चीवरून बघितली. ती विमानतळासाठी पाडली, धुरासाठी नाही. तरी शेजारच्या आजींनी त्या दिवशी हात जोडले. कुणासाठी ते विचारलं नाही. त्यांचे यजमान तिथेच कामाला होते.

हुरडाखाऊ
मंगळवेढ्याकडे हुरडा सुरू झाला का? पाहुणे येणारेत

जुळेसोलापूरकर
झाला की. शेंगा चटणी घरून न्या, तिथं संपते.

तळ्याकाठची
@सातरस्ता_आई मी रविवारपर्यंत आहे. गुरुवारी मीही येते. बाबांच्या वेळी कुणी गेलं नव्हतं. सकाळी किती वाजता?

सातरस्ता_आई
साडेदहा, शाळेच्या फाटकाशी. मुलाची फाईल घेऊन येते.