शर्यतीच्या दिवशी 'टार्गेट टाइम' हवाच कशाला?

मंदगती

मॅरेथॉन जवळ आली की आमच्या गटात एकच प्रश्न फिरायला लागतो: "टार्गेट किती?" कुणी "नुसती पूर्ण करायचीय" म्हणालं की समोरचा जरा कीव केल्यासारखा हसतो. म्हणून माझं मत एकदाच मांडून टाकतो. हौशी धावकानं शर्यतीच्या दिवशी वेळेचं लक्ष्य ठेवू नये. सरावात ठेवा, हवं तेवढं कडक ठेवा. शर्यतीत नको.

ही लक्ष्यं स्वतःच्या तयारीकडे बघून ठरतच नाहीत. ठरतात ती गोल आकड्यांकडे बघून: ४:००, ३:३०, ३:०० तास. काही अभ्यासकांनी जवळजवळ एक कोटी मॅरेथॉन-वेळा तपासल्या, त्यांचा लेख २०१७ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात आला. वेळांचा आलेख सरळसोट चढून उतरायला हवा होता, पण गोल आकड्यांच्या अलीकडे गर्दी आणि पलीकडे एकदम ओसाड. ३:५९ वाले पुष्कळ, ४:०१ वाले त्या मानानं कमी. हृदयाला आणि पोटऱ्यांना चार तास म्हणजे काय ते ठाऊकही नसतं!

बरं, अंतर तरी कुठून आलं? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत आखलेल्या मार्गाचं ते माप. १९२१ साली तेच ४२.१९५ किमी प्रमाण म्हणून कायम झालं. राजघराण्याच्या सोयीनं ठरलेलं अंतर आणि घड्याळाच्या सोयीनं ठरलेला आकडा, यांच्यापायी माणसं ३५व्या किलोमीटरला रस्त्याकडेला बसून वांत्या करतात.

पेसर_दादा

साफ असहमत. मला एवढंच सांगा, लक्ष्य नसेल तर पहिला किलोमीटर कोणत्या वेगानं पळायचा?

"शरीराचं ऐका" म्हणाल. पण सुरुवातीला शरीर धादांत खोटं बोलतं. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी केलेला, पाय ताजे, आजूबाजूला गर्दी आणि ढोल. अशा वेळी किलोमीटरला ५:१५ मिनिटांचा वेगसुद्धा फिरायला निघाल्यासारखा वाटतो. चार तासांची तयारी असलेल्याला लागतो ५:४१. तो हटकून "फारच हळू" वाटतो, आणि वाटायलाच हवा. वेग जितका जास्त तितकं शरीर साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतली साखर, भराभर जाळतं, आणि तो साठा पूर्ण मॅरेथॉनला पुरेल इतका नसतोच. तीस किलोमीटरच्या पुढे जी 'वॉल' लागते, म्हणजे एकाएकी पाय संपतात, ती बऱ्याचदा पहिल्या दहा किलोमीटरांत बांधलेली असते.

तुम्हाला लक्ष्य म्हणजे चाबूक वाटतो. माझ्या लेखी तो लगाम आहे.

आणि तो लेख तुम्ही अर्धाच सांगितलात. त्यातच असंही आहे की गोल आकड्याच्या जवळ असलेले धावक शेवटच्या दोन किलोमीटरांत इतरांपेक्षा कमी मंदावतात. म्हणजे आकड्यानं त्यांच्याकडून काहीतरी जास्तीचं काढून घेतलं ना?

गजरबंद

पेसर_दादांना +१. लक्ष्य नसेल तर पहाटे उठणार कोण?

मंदगती

@गजरबंद, सरावात ठेवा असं मी वरच लिहिलंय. वाचा की राव.

@पेसर_दादा, लगाम मान्य. पण लगामासाठी सुरुवातीचा वेग ठरलेला असला की पुरतं, शेवटची वेळ कशाला? आणि ते 'जास्तीचं काढून घेणं' नेहमी चांगलंच असतं असं कुणी सांगितलं? आकडा गाठणारे आलेखात दिसतात. त्याच नादात वाटेत थांबले ते अंतिम वेळांच्या यादीत येतच नाहीत.

सावली

मंदगतींचं सगळं पटलं नाही, पण एक गोष्ट कुणी बोलतच नाहीये: हवामान. लक्ष्य ठरतं तीन-चार महिने आधी आणि शर्यतीच्या सकाळी दमट उकाडा निघतो. धावणाऱ्याच्या अंगात मुळातच प्रचंड उष्णता तयार होत असते. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच वेगाला नाडी चढत जाते. लांब शर्यतीला दहा अंशांच्या आसपासची हवा चांगली. वीस-पंचवीसला तोच आकडा धरून बसणं हा शुद्ध हट्ट आहे. त्यातून आपण हळू धावणारे जास्त वेळ उन्हात असतो. अडीच तासांत संपवणारा घरी जातो तेव्हा आपलं ऊन सुरू होतं.

लक्ष्य जरूर ठेवा, पण शर्यतीच्या सकाळी बाहेर डोकावून ते बदलायची तयारी ठेवा. हे फार थोडे लोक करतात.

आकडेमोड

चर्चा भावनेवर चाललीय, थोडं गणित करू.

लक्ष्य ठरवायचं कसं? पीटर रीगेल यांचं सूत्र बरेच जण वापरतात: अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट. हाफ मॅरेथॉन (निम्मं अंतर) १:५५ ला होत असेल तर फुल, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, ३:५९:४६. चौदा सेकंद शिल्लक! इथेच लोक फसतात. हे सूत्र फुल मॅरेथॉनचा सराव पुरेसा झालाय असं गृहीत धरतं. आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर धावणाऱ्याला ते सहसा लागू पडत नाही, त्याची वेळ त्याहून बरीच पुढे जाते. चार तासांचं लक्ष्य ठेवायचं तर हाफ १:५० च्या आसपास असावी असं मी म्हणेन.

दुसरी गंमत घड्याळाची. प्रमाणित मार्ग वळणांवर सर्वात जवळच्या रेषेनं मोजतात, आणि मार्ग कमी भरू नये म्हणून वर हजारात एक या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४२ मीटर, जास्त ठेवतात. आपण ती रेषा थोडीच पकडतो? पाण्याच्या टेबलाकडे जातो, लोकांना वळसा घालतो, शिवाय जीपीएस स्वतःच्या चुका मिसळतं. घड्याळ शेवटी ४२.६ दाखवू शकतं. तसं झालं तर चार तासांसाठी घड्याळावरचा वेग ५:४१ नाही, ५:३८ हवा. ५:४१ धरून पळणाऱ्याच्या घड्याळात चार तासाला ४२.१९५ भरतात आणि शेवटची कमान अजून चारशे मीटर पुढे असते. म्हणजे सव्वादोन मिनिटं गेली.

म्हणून मी रस्त्यावरचे किलोमीटरचे फलक बघून घड्याळाचं 'लॅप' बटण हातानं दाबतो.

पेसर_दादा

आकडेमोड, मस्त प्रतिसाद.

मंदगती, "गोल आकडा निरर्थक" म्हणता, मग केनियाच्या धावक एलिउड किपचोगेचं काय? १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात पूर्ण मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये. दोन तासांची भिंतसुद्धा माणसांनीच मानलेली होती. पण तिच्यामागे लागल्यामुळे जगाला कळलं की तिथवर पोचता येतं.

मंदगती

चांगलं उदाहरण दिलंत, माझ्याच बाजूचं! ती वेळ विश्वविक्रम म्हणून धरलीच गेली नाही. आळीपाळीनं येऊन वेग धरून देणारे ४१ पेसर, पुढे गाडी, रस्त्यावर लेझरच्या रेषा, सायकलवरून हातात पेय. आकड्यासाठी एवढं सगळं जमवावं लागतं. २०२३ मध्ये शिकागोत केनियाच्याच केल्विन किप्टमनं खऱ्या शर्यतीत केलेली २:००:३५ मला त्याहून मोठी वाटते. आपल्यापाशी काय असतं? एनर्जी जेलची दोन पाकिटं आणि दुखरा गुडघा.

बोस्टनवेडी

काही आकड्यांना खरा अर्थ असतो हो. बोस्टन मॅरेथॉनला बहुतेकांना पात्रता-वेळेनंच प्रवेश मिळतो. १९७० साली त्यांनी पहिल्यांदा अट घातली तेव्हा चार तासांच्या आत धावण्याइतका सराव झालाय एवढंच दाखवायचं होतं. २०२६ साठी १८ ते ३४ वयोगटातल्या पुरुषांना २:५५ आणि बायकांना ३:२५ लागत होते. मला तो आकडा गाठायचाय. मी त्याला खूळ मानत नाही आणि कुणी कीव केली काय, टाळ्या वाजवल्या काय, मला फरक पडत नाही.

सावली

पण तिथे पात्रता-वेळ गाठूनही दार बंद होतं ना? २०२५ च्या शर्यतीला पात्रता-वेळेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद वेगवान असलेल्यांनाच घेतलं. आणि ही जास्तीची मिनिटं नोंदणी संपल्यावर जाहीर होतात. म्हणजे कशाच्या मागे पळतोय तेही आधी कळत नाही.

बोस्टनवेडी

म्हणूनच दहा मिनिटं जास्तीची धरून सराव करतेय. 😀

साठीची_धाव

तुम्हा मंडळींचं वाचून मौज वाटली. माझी सर्वोत्तम वेळ आता मागे राहिली, ती पुन्हा येणार नाही. तरी दर शर्यतीला आकडा ठेवते, वयानुसारचा. एज-ग्रेडिंगचे तक्ते आहेत, वय आणि वेळ घातली की त्या वयाच्या उत्तम वेळेच्या किती टक्के धावलो ते कळतं. वेळ वाढत चाललीय पण टक्के टिकून आहेत, आणि ते बघायला मला फार आवडतं. मंदगती, लक्ष्य सोडून द्या म्हणणं तरण्यांना सोपं आहे. त्यांची वेळ आपोआप सुधारत असते.

मंदगती

ताई, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुमच्यापुरतं म्हणणं मागे घेतो. बाकीच्यांसाठी तडजोड सांगतो: एक आकडा नको, दहा मिनिटांचा पट्टा धरा, तोही त्या सकाळी हवा बघून. आणि आधी कुणाला सांगायचं नाही.

पेसर_दादा

पट्टा चालेल. पण ३५ व्या किलोमीटरनंतर माणूस त्या पट्ट्याच्या सोप्या टोकाकडेच बघणार, लिहून ठेवा.

नवखा_४२

मधेच विचारतो. हाफ २:०५ ला झालीय, पहिलीच फुल आहे. चारचा नाद धरू का?

आकडेमोड

नको. सूत्रच तुम्हाला ४:२० च्या वर सांगतंय, आणि पहिल्या फुलला सूत्र हात राखून वापरावं. साडेचार धरा. फलकांप्रमाणे ६:२४, घड्याळाप्रमाणे ६:२० च्या आसपास.

पेसर_दादा

६:२४ जरा भित्रं वाटतं, पण पहिली आहे तर असू दे. तिसाव्या किलोमीटरपर्यंत तोच ठेवा, कुणीही पुढे गेलं तरी. तिसाला बोलता येत असेल तर मग सोडा पाय.