मदत हवी आहे: मोठा खेकडा हरतोय, लहान जिंकतोय!

घाईत_आहे:
प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय आणि सगळं उलटंच येतंय. जिथे बघावं तिथे लिहिलंय, नरांच्या मारामारीत अंगाने मोठा तोच जिंकतो. माझा २१ मिमीवाला १७ मिमीवाल्याकडून सातपैकी पाचदा हरला. कॅलिपर दोनदा तपासला. लवकर सांगा.

भरती_ओहोटी:
जात कुठली? २१ मिमी म्हणजे पाठीची रुंदी की लांबी? नांगी मोजलीत?

जुना_टाकीवाला:
वाळू वाढवा, बिळं करू द्या. माझ्या टाकीत तेव्हापासून भांडणं बंद.

घाईत_आहे:
बंद नाही करायचीत हो, मोजायचीत! फिडलर आहेत. पाठीची रुंदी. नांगीचा काय संबंध?

तिरकी_चाल:
नर-मादी ओळखायला पोटाखाली बघा. नराचा पट्टा अरुंद, मादीचा रुंद.

घाईत_आहे:
फिडलर नराची एक नांगी एवढी थोराड असते की दुरूनच कळतं. हे विचारलंच नव्हतं.

भरती_ओहोटी:
म्हणूनच मोजा. कार्सिनस मेनास या हिरव्या किनारी खेकड्यातही कोण जिंकणार हे पाठीपेक्षा नांगीच्या लांबीवरून जास्त नीट कळतं. आणि बीळ कुणाचं होतं?

शब्दकिडा:
नांगी विंचवाची. खेकड्याचा डेंगा.

तिरकी_चाल:
खेकड्याच्याही नांग्याच म्हणतात.

शब्दकिडा:
म्हणोत बापडे.

घाईत_आहे:
बीळ लहान्याचं. नांगी मोठ्याची ३२ मिमी, लहान्याची २५. म्हणजे तिथेही मोठाच पुढे! आता?

भरती_ओहोटी:
बिळाचा मालक बहुतेकदा वरचढ ठरतो, ते एक. दुसरं, मोठ्याच्या नांगीच्या आतल्या कडेला दाते आहेत का बघा.

घाईत_आहे:
भिंग लावून पाहिलं. जवळपास नाहीतच, चिमट्यासारखी सडपातळ आणि गुळगुळीत आहे. लहान्याच्या कडेला चांगले उंचवटे आहेत.

भरती_ओहोटी:
मग ती तुटून पुन्हा आलेली असावी. काही फिडलर जातींत अशी नांगी लांबीला कमी पडत नाही, पण हलकी असते, आत स्नायू कमी. लांबून हलवली की समोरचा दबतो. प्रत्यक्ष जुंपली की पितळ उघडं.

आकडेमोड:
सगळे नांगीत अडकलेत. एकाच जोडीला सात वेळा लढवलंत? एकदा हरलेला पुढच्या वेळी लवकर माघार घेतो. या सात नोंदी नाहीत, एकच आहे. नव्या जोड्या घ्या.

घाईत_आहे:
माझ्याकडे खेकडेच दोन आहेत.

जुना_टाकीवाला:
तरी म्हणत होतो, वाळू वाढवा.