मदत हवी आहे: बाबा मोत्याशी बोलतात, आमच्याशी नाही

मंडळी, एका घरगुती बाबतीत सल्ला हवाय. आई गेल्यापासून बाबा अगदी अबोल झाले होते. मग भावाने मोत्या नावाचा कुत्रा घरी आणला आणि बाबा पुन्हा बोलायला लागले, पण फक्त त्याच्याशी! सकाळी कानामागे खाजवत "काय रे सोन्या, झोप झाली का?" पोळीचा पहिला तुकडाही त्यालाच. आम्हाला मात्र नुसतं "हं" नाहीतर "बरं".

भावाला हे फार लागतं. पोटच्या पोरांपेक्षा कुत्रा जवळचा झाला, म्हणतो. मला तसं वाटत नाही. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या जिव्हाळ्यातलं संप्रेरक ते हेच. म्हणजे बाबांची माया आटलेली नाही. मोत्या "औषध घेतलंत का?" म्हणून मागे लागत नाही, रडवेलं तोंड करून समोर बसत नाही, म्हणून त्याच्यापाशी ती मोकळी होत असावी.

हल्ली संध्याकाळी मोत्याला फिरवायला मीही सोबत जाते. परवा बाबा आपणहून म्हणाले, "तुझ्या आईला हा आवडला असता." मला पुढे काही सुचेना.

कुणाच्या घरी असं झालंय का? अशा वेळी आईचा विषय पुढे न्यावा, की ते बोलतील तेवढंच ऐकावं? आणि भावाची समजूत कशी घालू?