तिसरं जग: थर्ड क्लास की थर्ड पार्टी?

परवा आमच्या सोसायटीची लिफ्ट पुन्हा बंद पडली. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, नवव्या मजल्यावर. जिना चढताना सहाव्यावर शेजारचे काका दम खायला थांबले आणि म्हणाले, "थर्ड वर्ल्ड कंट्री, दुसरं काय!" माझ्यासोबत अकरावीतली भाची होती. तिने तिथेच विचारलं, "मावशी, मग पहिलं आणि दुसरं कुठलं? आणि हे नंबर लावले कुणी?" वर पोचेपर्यंत मी उत्तर देत होते, घरात शिरल्यावरही विषय संपला नाही. म्हणून इथे मांडते.

हे नंबर गुणवत्तायादीतले नाहीत, ही पहिली गोष्ट. आल्फ्रेड सोव्ही नावाचे फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी १४ ऑगस्ट १९५२ रोजी एका फ्रेंच साप्ताहिकात लेख लिहिला. तेव्हा सगळीकडे दोनच जगांची चर्चा असायची, एक अमेरिकेच्या गोटातलं आणि दुसरं सोव्हिएत रशियाच्या. सोव्हींचं म्हणणं असं की, या दोघांच्या गडबडीत तिसरं जगही आहे याचा विसर पडतो, आणि कालक्रमाने पाहिलं तर तेच सगळ्यांत आधीचं आहे. ज्यांनी हा शब्द दिला त्यांच्या लेखी तिसरं जग काळाने पहिलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता शब्दाकडे येऊ. 'तिसरा' म्हणायला फ्रेंचमध्ये रोजचा शब्द आहे 'त्रुआझिएम'. सोव्हींनी तो घेतला नाही. त्यांनी 'त्येर' हा जुना शब्द उचलला आणि 'त्येर माँद' असं म्हटलं. या 'त्येर'चा फ्रेंचमधला आजचा एक अर्थ 'व्यवहारातल्या दोन्ही पक्षांबाहेरचा माणूस' असा आहे. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: तिऱ्हाईत. तोही तीनवरूनच आलेला. "भावाभावांत मिटत नसेल तर कुणी तिऱ्हाईत माणूस मध्ये घाला" असं माझी आजी म्हणायची. तिच्या तोंडी त्या शब्दात कमीपणा अजिबात नव्हता, उलट मान होता. आता "तिऱ्हाइतासारखा वागतो" एवढाच परकेपणाचा अर्थ जास्त ऐकू येतो.

भाचीला हे पटवायला मी स्कूटरच्या विम्याचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं 'थर्ड पार्टी'. पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा कुणीही, ज्याचा त्या करारात हात नाही. त्याला कुणी हलका समजत नाही. 'तिसरी आघाडी'चंही तसंच. दोन मोठ्या आघाड्यांपासून वेगळी, एवढाच अर्थ आपण घेतो.

मग 'थर्ड वर्ल्ड' म्हटलं की कान खाली का पडतात? माझ्या मते त्याला आपली रेल्वे कारणीभूत आहे. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती ठाण्यालाच. रेल्वे आपल्या बोलण्यात किती मुरलीय हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, पण 'एकदम थर्ड क्लास' ही शिवी राहिली. जिन्यावर काकांच्या तोंडून 'थर्ड वर्ल्ड' आलं, पण त्यांच्या मनात थर्ड क्लास होता.

'दुसरं जग' तर मराठीत रुजलंच नाही. आपल्याकडे 'दुसरा' म्हणजे 'वेगळा'सुद्धा. "तो दुसऱ्याच जगात असतो" म्हटलं तर स्वप्नाळू माणूस डोळ्यांसमोर येतो, सोव्हिएत गोटातलं पोलंड किंवा हंगेरी येत नाही.

एका प्रतिसादात विचारलंय की, 'त्येर'चा संबंध फ्रेंच राज्यक्रांतीतल्या तिसऱ्या वर्गाशी आहे ना? तो तर सगळ्यांत खालचाच होता.

हो, आणि हा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये तीन वर्ग मानत: धर्मगुरू, उमराव आणि उरलेली सगळी रयत. ही रयत म्हणजे 'त्येर एता'. देशातली बहुसंख्य माणसं तीच, पण मतदान वर्गवार व्हायचं, म्हणून तिला तिघांत एक मत. जानेवारी १७८९ मध्ये सिएस या धर्मगुरूंनी पत्रक काढून विचारलं, हा तिसरा वर्ग म्हणजे काय? सर्वकाही. आजवर त्याला काय स्थान होतं? काहीच नाही. त्याची मागणी काय? काहीतरी होण्याची. त्याच वर्षी १७ जूनला या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं. सोव्हींच्या लेखाचा शेवट याच पत्रकाला धरून आहे: हे दुर्लक्षित, पिळलेलं, तुच्छ लेखलेलं तिसरं जगही आता काहीतरी होऊ पाहतंय. तेव्हा नुसतं 'तिऱ्हाईत' अपुरं पडतं हे मान्य. तिऱ्हाईत आणि रयत, दोन्ही अर्थ त्यात आहेत. खालचेपणा आहे, पण तो लादलेला म्हणून, आणि तो झुगारण्याच्या हक्कासकट.

म्हणूनच १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग परिषदेत नेहरू, इंडोनेशियाचे सुकार्नो, इजिप्तचे नासर यांच्यासह आशिया-आफ्रिकेचे २९ देश जमले, त्यानंतरच्या काळात हे नाव त्यांच्यापैकी अनेकांनी अभिमानाने लावलं. स्वित्झर्लंड आणि स्वीडन दोन्ही गोटांबाहेर असूनही त्यांना कुणी तिसरं जग म्हटलं नाही, याचंही कारण हेच. ते तिऱ्हाईत होते, रयत नव्हते.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ" इथे लागू पडतं का?

आपल्यापुरतं थोडंफार. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने झाला, राउरकेल्याचा पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूरचा ब्रिटनच्या. पण कोरिया, व्हिएतनाम, अंगोला यांना ही म्हण ऐकवायला माझी जीभ रेटणार नाही. तिथे दोघांचं भांडण तिसऱ्याच्या अंगणात झालं.

मग आज कुठला शब्द वापरावा?

शीतयुद्धाबद्दल लिहिताना 'तिसरं जग' बेलाशक लिहा, तिथे तो नेमका आहे. आजच्या आर्थिक स्थितीबद्दल 'विकसनशील' मला बरा वाटतो, सहनशील-प्रगतिशीलच्या घडणीचा शब्द, कानाला आपला. याच देशांसाठी 'ग्लोबल साउथ' हल्ली बातम्यांत सारखा येतो, पण नकाशात दक्षिणेला असलेला ऑस्ट्रेलिया त्यात धरत नाहीत, हे लक्षात ठेवावं लागतं.

आणि लिफ्टबद्दल बोलायचं तर 'देखभाल नाही' एवढं म्हटलं तरी पुरतं. काल खाली नोटीस लागली, मोटरचा सुटा भाग आलाय. भाचीने त्याच्याच शेजारी उभं राहून काकांना तिऱ्हाइताचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "हा शब्द माझ्या वडिलांनंतर आज ऐकला."