मदत हवी आहे: ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये जुजुराणा पक्षी बघायचाय

मंडळी, मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं कुल्लूच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जातोय. गुशैणीहून तीर्थन नदीच्या काठाने रोल्ला, आणि पाय साथ देतील तर वर शिल्टपर्यंत. परवाना आणि स्थानिक गाइडचं बोलणं सुरू आहे, ते होईल.

खरा जीव अडकलाय जुजुराण्यात, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपॅनमध्ये. लालभडक मान, अंगभर पांढरे ठिपके, आणि एवढा नटूनही रिंगाळ बांबूच्या दाट झाडोऱ्यात बेमालूम गडप होणारा! विणीच्या काळात नर पहाटे ओरडतो, एवढं वाचलंय. कोणी प्रत्यक्ष ऐकलाय का? उजाडायच्या किती आधी जाऊन बसावं लागतं? मे म्हणजे उशीर तर होत नाही ना? तेव्हा शिल्टच्या वाटेवर बर्फ असतो का, हेही सांगा.

दुसरं, अस्वलं. तिथे काळं अस्वल आहे आणि वर कुरणांकडे तपकिरीही. मागे एका ट्रेकला शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट सॅकमध्येच राहिलं आणि रात्री उंदरांनी सॅकला मुठीएवढं भोक पाडलं. उंदरांवर निभावलं. इथे रात्री खाणं कुठे ठेवता? तंबूपासून लांब झाडाला टांगता की गाइडच्या ताब्यात देता?

दुर्बीण ८×४२ आहे. फोटोचा हट्ट नाही, नुसता दिसला तरी पुरे. जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज, व्हिडिओ बघून झालेत सगळे.