नव्या रोव्ह बीटलचे वर्णन अपुरे ठरले आहे, मदत हवी आहे

पाचोळा: पालापाचोळा चाळताना मिळालेल्या एका रोव्ह बीटलचे (आखूड पंखकवचांच्या भुंगेऱ्याचे), नवी जाती म्हणून, मी आठ महिने खपून वर्णन लिहिले. परीक्षकांनी 'जवळच्या जातींपासूनचा भेद स्पष्ट होत नाही' एवढाच शेरा मारून ते परत पाठवले. रंग, लांबी, आखूड पंखकवचांवरील खळग्यांची दाटी, शृंगिकांच्या (डोक्यावरील स्पर्शिकांच्या) अकराही खंडांची मापे, सारे दिले आहे. आणखी काय द्यायचे? मुदत पंधरा दिवसांची आहे, कृपया लवकर सांगावे.

भिंगधारी: प्रजाती (जातींचा गट, जीनस) कोणती? नमुने किती, आणि त्यांत नर आहे का? या कुलात ६०,००० हून अधिक जाती आहेत, एवढ्या माहितीवर कोणीच काही सांगू शकणार नाही.

पानगळ: मापांपेक्षा सीओआय जनुकाचा बारकोड, म्हणजे जाती ओळखण्यासाठी वापरला जाणारा डीएनएचा छोटा तुकडा, काढावा. एक पाय पुरतो आणि वाद मिटतो, हा माझा अनुभव आहे.

भिंगधारी: जवळच्या जातींचे बारकोडच नोंदलेले नसतील, तर तुलना कशाशी करणार? बारकोड जरूर जोडावा, पण तो वर्णनाची जागा घेऊ शकत नाही.

रानवाट: भुंगेरे हाताळताना जपावे. पेडेरस प्रजातीचा रोव्ह बीटल अंगावर चिरडला गेला, तर त्यातील पेडेरिन या विषामुळे त्वचेवर फोड येतात.

पाचोळा: माझा पेडेरस नाही, स्टेनस आहे. एक नर आणि दोन माद्या, तिन्ही कार्डावर चिकटवलेले. होलोटाइप (नव्या नावाचा अधिकृत आधार-नमुना) म्हणून मादी निवडली, कारण तिच्या दोन्ही शृंगिका शाबूत आहेत.

भिंगधारी: अडचण इथेच आहे. स्टेनसच्या ३,००० हून अधिक जाती आहेत आणि बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या जाती बहुधा नराच्या जननांगावरून, म्हणजे एडिॲगसवरून, वेगळ्या काढाव्या लागतात. म्हणून नरालाच होलोटाइप करावे. तो कोमट पाण्यात मऊ करून उदराचे शेवटचे खंड बारीक सुईने अलगद सोडवावेत, ते दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून स्नायू विरघळू द्यावेत, आणि ग्लिसरीनमध्ये एडिॲगस खालून व बाजूने पाहून रेखाटावा. आठव्या खंडाच्या खालच्या पट्टीवरील खाचही काढावी. मग सर्वांत जवळच्या दोन-तीन जातींशी प्रत्येक लक्षण समोरासमोर ठेवून लिहावे. काढलेले अवयव त्याच टाचणीवर राहिले पाहिजेत.

पानगळ: हे मान्य आहे, तरी पाय आधी काढून ठेवावा, कारण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गेलेल्या भागातील डीएनए वाया जातो.

अक्षरवेल: नाव व्यक्तीच्या सन्मानार्थ असल्यास लॅटिन प्रत्यय तपासावा, पुरुष आणि स्त्री यांच्यासाठी तो वेगळा असतो. केवळ ऑनलाइन प्रकाशन असेल, तर २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील नोंदणी आवश्यक आहे.

पाचोळा: नाव ठरलेले आहे. नराच्या उदराचे टोक मात्र डिंकात पूर्ण बुडाले आहे. ओढले तर तुटेल का?

भिंगधारी: मुळीच ओढू नये. डिंक पाण्यात विरघळणारा असल्यास कार्डासकट भिजत ठेवावे, भुंगेरा आपोआप सुटून येईल. डिंक कोणता वापरला, ते आधी कळवावे.