अश्वत्थामा: सुडाचं प्रतीक की निव्वळ दुष्टपणाचं?

हरिपूरकर:
आमची आजी दारात कोणी तेल मागायला आलं की पळीभर घालायचीच. "अश्वत्थामा असला तर?" म्हणायची. कपाळाची जखम वाहतेय आणि तो तेल मागत हिंडतोय, ही गोष्ट सांगलीत आमच्या पिढीला अशीच कळली. परवा पुतण्याच्या वाढदिवसाला आईनं ओवाळताना 'अश्वत्थामा बलिर्व्यासो' सुरू केलं आणि मी अडकलो. झोपलेली पोरं मारणाऱ्याचं नाव पोराच्या दीर्घायुष्यासाठी, तेही पहिलं?

माझ्या मते महाभारतातला खरा खलनायक हाच. दुर्योधनाला राज्य हवं होतं. याला त्या रात्री काहीच मिळवायचं नव्हतं. युद्ध संपलेलं, राजा मांडी मोडून पडलेला. सौप्तिक पर्वात हा वडाखाली जागा बसलाय, वर कावळे झोपलेत. एक घुबड येतं, आवाज न करता एकेकाचे पंख, मुंड्या तोडत सुटतं. झाडाखाली खच पडतो. आणि याला वाटतं, घुबडानं आपल्याला उपदेश केला, झोपलेल्या शत्रूला असंच मारायचं!

मारुती चौक:
घुबडाचं सगळे सांगतात ओ, आधीचं कुणी सांगत नाही. पीठ कालवलेलं पाणी दूध म्हणून पिऊन नाचलेलं पोर आहे ते. पुढं त्याच्याच मरणाची खोटी बातमी वापरून त्याचा बाप मारला. शस्त्र खाली ठेवून ध्यानाला बसलेल्या म्हाताऱ्याचे केस धरून धृष्टद्युम्नानं मुंडकं उडवलं. ते धर्मयुद्ध, आणि यानं केलं ते पाप? नियम आधी कुणी मोडले ते बघा की.

हरिपूरकर:
धृष्टद्युम्नापर्यंत मान्य. पण तोही "शस्त्रानं तरी मार" म्हणत होता, यानं लाथांनी मारला. द्रौपदीच्या पाच पोरांनी द्रोणाचं काय केलं होतं? मामा कृपाचार्य सांगत होते, आज झोप, सकाळी वडीलधाऱ्यांना विचारू. ऐकलं नाही. वर त्याच मामाला आणि कौरवांकडच्या कृतवर्म्याला छावणीच्या दारावर उभं केलं, पळणारे कापायला.

बुधगावची लेक:
दोघांचं वाचलं. बापलेकांत इतके रमलात की बायका राहूनच गेल्या.

गवताच्या काडीचं अस्त्र सोडलं त्यानं. समोरून अर्जुनानंही सोडलं. मागे घ्या म्हटल्यावर अर्जुनानं घेतलं, याला जमेना. मग त्यानं ते वळवलं कुठं? पांडवांच्या सुनांच्या गर्भांवर. उत्तरेच्या पोटातल्या जिवाशी कसलं वैर? तिथं सूड संपला. तोवर मारुती चौकांचं पटत होतं मला.

आणि त्याच पर्वात द्रौपदी आहे. एका रात्रीत पाच मुलं गेलेली. त्याला मारून डोक्यावरचा मणी आणा, तोवर अन्न नाही म्हणून बसते. भीम मणी आणतो, तो मात्र जिवंत सुटलेला. ती म्हणते, गुरुपुत्र गुरूसारखाच, आणि मणी युधिष्ठिराला धारण करायला देते. थांबली ना ती?

मारुती चौक:
थांबली, कारण मागं उरलं कोण होतं? दुःशासन गेला, दुर्योधन गेला, शंभरच्या शंभर संपले. पोट भरल्यावर उपास सोपा असतो. गर्भाचं मात्र तुमचं बरोबर आहे, तिथं माझ्याकडं उत्तर नाही.

मिरजेचा सतारवाला:
एक दुरुस्ती. मणी उपटून काढल्याची जखम आपण ऐकतो, पण सौप्तिक पर्वात तो मणी स्वतःच्या हातानं देतो. कृष्णाच्या शापात 3000 वर्षं एकट्यानं भटकणं आहे, अंगाला रक्तपुवाचा वास आहे. तेल लोकांनी जोडलं. नंदुरबारकडं तर अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते, लोक चढून दर्शनाला जातात. आपण इथं खलनायक ठरवत बसा.

हरिपूरकर:
यात्रेचं माहीत नव्हतं. आईला विचारलं, श्लोकातून त्याला वगळू का? म्हणाली, "मग सात चिरंजीव कसे होणार? सहावर थांबतोस काय?"

आजीचं मात्र एक आठवलं. तेल घालताना ती मागणाऱ्याच्या वाटीकडंच बघायची. तोंडाकडं नाही.